गृहकलहाची रणभूमी : खेड ते हडपसर

मराठ्यांनी मोगलांशी, निजामाशी, अब्दालीशी आणि इंग्रजांशी केलेल्या लढायांची नावे महाराष्ट्रातील शिकलेल्या माणसाला शाळेपासून पाठ असतात. परंतु मराठ्यांनी मराठ्यांशीच केलेल्या लढाया कोठे झाल्या, या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणाला देता येत नाही. १७०७ ते १८०२ या ९५ वर्षांत यादवी, म्हणजे एकाच राज्याच्या माणसांमधील सशस्त्र संघर्ष, तीन थरांवर झाली. प्रथम छत्रपतींच्या घराण्यात, मग पेशव्यांच्या घराण्यात आणि शेवटी शिंदे व होळकर या दोन सरदार घराण्यांत ती पेटली, आणि तिच्यातील सर्वांत निर्णायक प्रसंग आजच्या पुणे जिल्ह्याच्या हद्दीत घडले. या रणक्षेत्रांचा क्रम लावून पाहिला म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. लढाईची जागा सत्तेच्या केंद्राकडे सरकत सरकत अखेर पुण्याच्या वेशीवर आली, आणि घरातल्या भांडणात बाहेरच्या सत्तेला बोलावण्याची वाट प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीसाठी अधिक रुंद करून ठेवली.

या जागा योगायोगाने ठरलेल्या नव्हत्या. उत्तरेकडून, म्हणजे माळवा, खानदेश आणि अहमदनगरच्या बाजूने पुणे किंवा साताऱ्याकडे येणाऱ्या फौजेला भीमा, घोड, मुळा-मुठा आणि नीरा या नद्या ओलांडाव्या लागत. पावसाळ्यात या नद्यांना उतार नसे, म्हणजे पायी किंवा घोड्यावरून पार होता येईल इतके पाणी ओसरत नसे, त्यामुळे फौजा पाऊस सरेपर्यंत छावण्यांत राहत आणि दसऱ्याच्या सुमारास मोहिमेला निघत. खेडची लढाई ऑक्टोबरात, घोडनदी व आळेगावची नोव्हेंबरात आणि हडपसरची पुन्हा ऑक्टोबरात झाली, ती याच कारणाने. राजधानीच्या रक्षकाला शत्रू अडवण्याची शेवटची सोयीची जागा नदीकाठ हीच असे, आणि तेथेच दोन्ही बाजूंच्या सरदारांना आपण कोणाच्या पक्षात आहोत हे एकदाचे ठरवावे लागे.

छत्रपतींच्या घराण्यातील कलह

फेब्रुवारी १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला आणि त्याचा मुलगा आझमशाह दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. त्यांना या वाटेवर माळव्यात सोडण्यात आले. मराठ्यांत दुफळी माजावी हा हेतू त्या सुटकेमागे होता आणि तो लगेच साध्य झाला. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांनी १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज देऊन राज्य राखले होते, आणि ते राज्य आपला पुत्र दुसरा शिवाजी याचे आहे, असा त्यांचा दावा होता. शाहू हा राज्याचा मूळ वारस, ही दुसरी बाजू. ज्येष्ठ शाखेचा वारसाहक्क आणि संकटात राज्य टिकवणाऱ्या शाखेचा हक्क यांत श्रेष्ठ कोणता, याचा निवाडा करणारी कोणतीही संस्था राज्यात नव्हती, म्हणून निवाडा रणांगणावर व्हायचा होता.

खानदेशात नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष परसोजी भोसले शाहूंना मिळाले. आलेला माणूस तोतया आहे असे जाहीर करून ताराबाईंनी सेनापती धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधी यांना त्यांच्यावर पाठवले. भीमेच्या काठी खेड-कडूस परिसरात, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. परंतु या लढाईचा निकाल तिच्या आधीच्या वाटाघाटींत लागला होता. धनाजींच्या पदरचे कारकून, पुढे पेशवा झालेले बाळाजी विश्वनाथ यांनी शाहू खरेच संभाजीपुत्र असल्याची धन्याची खात्री पटवली होती, आणि धनाजी शाहूंच्या पक्षाला मिळताच प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला.

खेडच्या मैदानावर रक्त फार सांडले नाही, तरी पुढच्या शतकाचा पायंडा तेथे पडला. सरदार ज्या बाजूला जाईल ती बाजू राजा ठरवणार, आणि राजा झालेल्याला त्या सरदाराचे ऋण सरंजामाच्या रूपाने फेडावे लागणार, हे सर्वांनी पाहिले. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्याच्या मोबदल्यात सरदाराला लावून दिलेला मुलूख. तो हळूहळू वंशपरंपरागत झाला, तसतशी सरदाराची निष्ठा राज्यापेक्षा आपल्या मुलखाशी जडत गेली. धनाजींचाच पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी भांडून प्रथम ताराबाईंकडे आणि नंतर निजामाकडे गेला. शाहूंची सातारा आणि राजारामांच्या शाखेची कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी मात्र १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत लांबली.

त्याच १७३१ च्या १ एप्रिलला गुजरातेत डभईजवळ पेशवा पहिला बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. गुजरातच्या चौथाईवर, म्हणजे मुलखाच्या महसुलातील चौथ्या हिश्श्याच्या वसुलीवर, हक्क कोणाचा हा वाद त्यामागे होता. दाभाडे तळेगावचे, पेशवे पुण्याचे; परंतु पुण्याशेजारच्या या दोन घराण्यांचे वैर गुजरातचा महसूल पणाला लावून नर्मदेच्या पलीकडे लढले गेले. त्रिंबकराव गोळी लागून ठार झाला. शाहूंनी त्याची आई उमाबाई यांची समजूत घातली आणि सेनापतिपद दाभाड्यांकडेच ठेवले. शाहू हयात असेपर्यंत असा एक वडीलधारा मध्यस्थ राज्याला उपलब्ध होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचा मृत्यू झाला, आणि तशी अधिकारवाणी पुन्हा कोणाकडे उरली नाही.

पुढच्याच वर्षी ताराबाईंनी शाहूंच्या मागून गादीवर आलेल्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून पेशव्यांविरुद्ध दमाजी गायकवाडाला गुजरातेतून बोलावले. पेशवा नानासाहेब निजामाच्या मुलखात गुंतलेला असल्याने पुणे उघडे पडले आणि पेशव्यांच्या कुटुंबातील मंडळींना सिंहगडावर आसरा घ्यावा लागला. मार्च १७५१ मध्ये साताऱ्याजवळ निंब येथे दमाजीने पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, परंतु त्यानंतर वेण्णा नदीकाठी त्याचाच मोड झाला. घाईने परतलेल्या पेशव्याने त्याला कैद करून त्याच्याकडून गुजरातचा निम्मा हिस्सा मागितला. पुण्यावर स्वकीयांची फौज चालून येऊ शकते, ही जाणीव शहराला प्रथम झाली ती या प्रसंगी.

काका आणि पुतण्या

पानिपतच्या पराभवानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब वारला आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. अटकेपर्यंत गेलेल्या सेनेचे नेतृत्व केलेला त्याचा काका रघुनाथराव याला कारभार आपल्या हाती हवा होता. मतभेद विकोपाला गेल्यावर रघुनाथराव पुण्यातून बाहेर पडून औरंगाबादकडे गेला आणि निजामाच्या पक्षाची मदत घेऊन परत फिरला. ज्या निजामाला दोनच वर्षांपूर्वी, १७६० मध्ये, उदगीरला मराठ्यांनी नमवले होते, त्याच्याकडे पेशव्याचा सख्खा काका मदत मागायला गेला, हे या यादवीतील पहिले मोठे वळण होय.

पुण्याहून अहमदनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आजच्या शिरूरजवळ, घोडनदीच्या काठी ७ नोव्हेंबर १७६२ रोजी पहिली लढाई झाली. पाचच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, भीमेकाठच्या आळेगावजवळ माधवरावाच्या फौजेवर हल्ला होऊन तिची दाणादाण उडाली. येथे त्या तरुण पेशव्याने घेतलेला निर्णय जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्यापुढे मार्ग दोन होते. मागे सरून नवी फौज जमवावी आणि लढा चालू ठेवावा, हा पहिला. परंतु त्यात निजामाचा शिरकाव वाढत जाणार होता आणि राज्याचे दोन तुकडे होण्याचा धोका होता. माधवरावाने दुसरा मार्ग पत्करला आणि तो थोड्या माणसांनिशी आपण होऊन काकाच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाला. पेशवेपद त्याच्याकडे राहिले, सत्ता रघुनाथरावाकडे गेली, आणि पेशवा आपल्याच राज्यात नजरकैदेत राहू लागला.

विजयाचा उपयोग रघुनाथरावाने जुने हिशेब चुकते करण्यासाठी केला. माधवरावाच्या बाजूच्या लोकांना त्याने पदांवरून दूर केले आणि मिरज घेऊन पटवर्धनांना दुखावले. त्याचा परिणाम असा झाला की गोपाळराव पटवर्धनासारखा कर्ता सरदार निजामाला जाऊन मिळाला, नागपूरचे जानोजी भोसलेही त्या बाजूला गेले, आणि १७६३ च्या उन्हाळ्यात निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले. पर्वतीवरील मूर्तींचीही त्या वेळी विटंबना झाली. आळेगावच्या लढाईची खरी किंमत पुणेकरांनी अशी सहा महिन्यांनंतर मोजली. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे काका-पुतण्यांनी मिळून निजामाचा मोठा पराभव केला. जानोजी ऐन वेळी परत फिरला, आणि घर एक झाले की काय घडू शकते हे दिसले. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. १० जून १७६८ रोजी नाशिकच्या उत्तरेस धोडप किल्ल्याखाली माधवरावाने रघुनाथरावाचा पुन्हा पराभव केला आणि त्याला आणून शनिवारवाड्यात कैदेत ठेवले.

याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी माधवरावानंतर पेशवा झालेला त्याचा धाकटा भाऊ नारायणराव याचा गारद्यांनी, म्हणजे पगारी पायदळातील शिपायांनी, खून केला. त्यानंतर सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी रघुनाथरावाविरुद्ध जी फळी उभारली ती बारभाई या नावाने ओळखली जाते. ४ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगावला बारभाईंचा सेनानी त्रिंबकराव पेठे जबर जखमी होऊन पकडला गेला व नंतर मरण पावला. परंतु १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावाच्या विधवा पत्नीला पुत्र, म्हणजे पुढचा पेशवा सवाई माधवराव, झाला आणि रघुनाथरावाच्या दाव्यातील बळ गेले. उत्तरेकडे पळालेल्या रघुनाथरावाने मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला, आणि १८ मे १७७५ रोजी गुजरातेतील अडास येथे कर्नल कीटिंगची पलटण पेशव्याच्या फौजेविरुद्ध मराठ्यांच्या घरगुती भांडणात उतरली. चंद्रसेन जाधव निजामाकडे गेला होता, रघुनाथरावाने आधी निजामाला आणि आता इंग्रजांना बोलावले. पाहुणा प्रत्येक वेळी अधिक बलवान होता.

इंग्रजांची पुण्यावरची पहिली धडक शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर अडली. रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला जानेवारी १७७९ मध्ये मावळातील वडगावला शरणागतीचा करार करावा लागला. त्या वेळी पुण्याचा पश्चिम दरवाजा महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांनी खांद्याला खांदा लावून राखला. पुढे घडले त्याचे मोजमाप करायचे तर वडगावचे हे चित्र लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शिंदे आणि होळकर

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला, तर तुकोजी १७९७ मध्ये पुण्यातच वारला. १७९५ मध्ये सवाई माधवराव आणि १८०० मध्ये नाना फडणवीस गेल्यावर राज्याच्या मध्यभागी रघुनाथरावाचा पुत्र पेशवा दुसरा बाजीराव आणि महादजीचा तरुण दत्तक वारस दौलतराव एवढेच उरले. तुकोजीच्या मागे त्याच्या मुलांत वारसाचा तंटा सुरू होताच दौलतरावाने काशीरावाची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबर १७९७ रोजी पुण्याजवळच होळकरांच्या छावणीवर हल्ला करून मल्हारराव होळकराला ठार केले. त्याचा भाऊ यशवंतराव निसटला. दुसरा भाऊ विठोजी पेशव्याच्या मुलखात धुमाकूळ घालताना पकडला गेला. १६ एप्रिल १८०१ रोजी बाजीरावाने त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून मारवले. वैऱ्याला क्षमा करण्याची किंवा निदान ओलीस ठेवण्याची संधी राज्याच्या प्रमुखाने हातची घालवली, आणि शिंदे-होळकरांच्या भांडणात मध्यस्थ होण्याचा आपला अधिकारही त्याच दिवशी गमावला.

लढाईचा पहिला टप्पा माळव्यात पार पडला. १८०१ च्या जुलैत यशवंतरावाने उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूरजवळ त्याचा मोड करून ते शहर लुटले. दोन घराण्यांनी एकमेकांच्या राजधान्या उद्ध्वस्त केल्यावर यशवंतरावाने दक्षिणेची वाट धरली. त्याच्या मागण्या होळकरांचा सरंजाम परत मिळावा आणि मल्हाररावाचा मुलगा खंडेराव याची शिंद्यांच्या कैदेतून सुटका व्हावी या होत्या. पेशव्याने शिंद्याला आवर घालावा, अशी त्याची अपेक्षा होती. बाजीरावाने बोलणी लांबवत ठेवली. ऑक्टोबर १८०२ च्या आरंभी होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्याच्या फौजेची दाणादाण उडवली, तेव्हा पुण्याची पूर्वेकडची वाट मोकळी झाली.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, शहराच्या पूर्वेला हडपसर, घोरपडी आणि वानवडी या गावांच्या परिसरात दोन्ही फौजा भिडल्या. शिंद्यांच्या बाजूने सदाशिवराव भास्कर बक्षी हा सेनापती होता आणि त्याच्यासोबत डॉज या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पायदळ होते, ज्याला त्या काळी कंपू म्हणत. होळकरांकडेही युरोपीय अधिकाऱ्यांनी शिकवलेल्या चौदा पलटणी आणि शिंद्यांपेक्षा कितीतरी अधिक घोडदळ असल्याचे इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. सकाळी तोफांचा मारा सुरू झाला आणि तो बराच वेळ चालला. त्यानंतरच्या चकमकीत होळकरांच्या घोडदळाला प्रथम मागे रेटले गेले. तेव्हा यशवंतरावाने स्वतः पुढे होऊन स्वारांना वळवले आणि शिंद्यांच्या तोफखान्यावर थेट घोडी घातली. शिंद्यांचे घोडदळ उधळले, गोलंदाज तोफांजवळच कापले गेले, डॉज पडला आणि एकटे पडलेले कवायती पायदळ मोडले. दुपारपर्यंत पुणे होळकरांच्या हाती आले. ज्या महादजीने वानवडीच्या परिसरात अखेरचा श्वास घेतला, त्याच्या फौजेचा पराभव त्याच परिसरात, तुकोजीच्या मुलाच्या हातून, व्हावा, हे वडगावनंतर अवघ्या तेवीस वर्षांत घडले.

लढाईपेक्षाही महत्त्वाची घटना त्याच दिवशी रणांगणाबाहेर घडली. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा वकील, कर्नल बॅरी क्लोज याच्याकडे बाजीरावाने आपल्या कारभाऱ्यामार्फत करारनामा पोहोचवला, आणि त्यात इंग्रजांच्या सहा पलटणी पदरी ठेवण्याची व त्यांच्या खर्चासाठी पंचवीस लाखांचा मुलूख तोडून देण्याची तयारी दाखवली. मग तो सिंहगड, महाड आणि सुवर्णदुर्ग या वाटेने समुद्रमार्गे वसईला पोहोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्यान्वये सहा हजार पायदळाची तैनाती फौज, म्हणजे इंग्रजांच्या हुकमतीखालची आणि पेशव्याच्या खर्चाने चालणारी सेना, त्याच्या राज्यात कायमची आली. तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख कंपनीला मिळाला, आणि परराज्यांशी इंग्रजांना विचारल्याखेरीज बोलणी न करण्याचे बंधन पेशव्याने मान्य केले.

यशवंतरावाने सुरुवातीला शहराच्या लुटीला बंदी घातली होती, आणि पेशव्याने परत यावे म्हणून निरोपही पाठवले होते. ते निष्फळ ठरल्यावर त्याने जुन्नरहून रघुनाथरावाचा दत्तक पुत्र अमृतराव याला आणून त्याच्या हाती कारभार दिला. पुढे सैन्याचे पगार भागवण्यासाठी पुण्यातील सावकार व गृहस्थांकडून जबरदस्तीने पैसा वसूल झाला. होळकर निघून गेल्यावर २० एप्रिल १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीची फौज शहरात शिरली आणि १३ मेला बाजीराव इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने गादीवर बसला. त्या वर्षी शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर अलिप्त राहिला, आणि १८०४ मध्ये होळकर लढला तेव्हा शिंदे नमलेले होते. अमृतरावाने सात लाखांचा सालिना तनखा घेऊन काशी गाठली.

निष्कर्ष

या सर्व लढायांत पराक्रमाची वाण नव्हती. खेडला, आळेगावला आणि हडपसरला लढलेली माणसे तीच होती, जी राक्षसभुवन किंवा वडगावला एकत्र आली असता अजिंक्य ठरली. कमतरता होती ती वारसाचा आणि अधिकाराचा तंटा रणांगणाबाहेर मिटवणाऱ्या, सर्वांना मान्य असलेल्या नियमाची. शाहूंच्या जिवंतपणी ती उणीव एका व्यक्तीच्या वजनाने, आणि नंतर काही काळ माधवरावाच्या संयमाने व बारभाईंच्या मुत्सद्देगिरीने भरून निघाली. परंतु माणसे गेली आणि उणीव तशीच राहिली. प्रत्येक विजेत्याने पराभूताला राज्यात सन्मानाची जागा दिली असती तर तो बाहेरच्या दारात गेला नसता, ही गोष्ट गोपाळराव पटवर्धनापासून विठोजी होळकराच्या भावापर्यंत वारंवार दिसते.

मराठी सत्तेचा शेवट म्हणून ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आणि त्यानंतर शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजांचे निशाण सांगितले जाते. परंतु पंधरा वर्षांपूर्वी ज्या दिवशी मराठ्यांच्या दोन फौजा पुण्याच्या वेशीवर एकमेकींना कापत होत्या आणि पेशव्याचा कारभारी इंग्रज वकिलाच्या हाती करारनामा ठेवत होता, त्याच दिवशी राज्याचे स्वातंत्र्य संपले होते. खडकीला इंग्रजांनी जिंकले ते राज्य हडपसरला मराठ्यांनी आपसांतच गमावलेले होते. पुण्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने खडकी आणि कोरेगावच्या रणक्षेत्रांइतक्याच आस्थेने घोडनदी, आळेगाव आणि हडपसर या रणक्षेत्रांचीही पाहणी करावी, कारण राज्य कसे गेले याचे उत्तर तेथे अधिक स्पष्टपणे मिळते.